ग्रेव्हिलची चाळीस पत्रं

१

कुलूप शाबूत होतं. किल्ली फोकच्या कमरेला होती. आणि कपाटातली चाळीस पत्रं गेली होती.

मधल्या खणात लाल फीत तेवढी पडली होती, नीट घडी घातलेली. फोक ग्वान-तोने तरीही खण चाचपून पाहिला, मग वरचा, मग खालचा. अक्कल गुंग झाली की माणूस हातांना काम देतो. ग्रेव्हिल विद्यापीठाच्या कचेरीत नऊ वर्षं हेडक्लार्की केलेला हा गृहस्थ नोंद केल्याशिवाय टाचणीसुद्धा हलू देत नसे. आज सकाळी आठ वाजता तो रिकाम्या कपाटापुढे गुडघे टेकून बसला होता, आणि बाहेर वादळाने हाँगकाँगची सगळी टेकडी दणाणून सोडली होती.

"किल्ल्या किती?" रजिस्ट्रार ड्रायस्डेलसाहेबांनी दारातूनच विचारलं. उत्तर त्यांना पाठ होतं.

"एकच, साहेब."

"असते कुठे?"

"माझ्या कमरेला."

"मग झालं तर," साहेब म्हणाले.

पत्रं साधीसुधी नव्हती. सत्तावीस वर्षांपूर्वी परक्यांविरुद्ध झालेल्या बंडानंतर परक्या सरकारांनी चीनवर दंड बसवला होता. त्यातला आपला वाटा लंडनचं सरकार आता परत करायला निघालं होतं, पण रोख नव्हे, विद्येच्या रूपाने. चिनी पोरांनी इंग्रजी विद्यापीठात शिकावं, आपल्या देशात मोठं व्हावं आणि जन्मभर इंग्रजांचे मित्र राहावं, असा तो बेत. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच. पण तुळशीपत्र चांगलं घसघशीत होतं आणि ग्रेव्हिलची छपरं गळत होती. मैत्रीचा पुरावा म्हणून विद्यापीठाने चाळीस माजी विद्यार्थ्यांकडून चिनी भाषेत पत्रं मागवली आणि त्यांचं इंग्रजी भाषांतर बांधून लंडनहून आलेल्या समितीच्या हाती दिलं. समिती खूश झाली. मग काल दुपारी तीन वाजता समितीतल्या एकुलत्या एका चिनी सभासदाची, पेकिंगच्या त्साओसाहेबांची, खालच्या हॉटेलातून चिठ्ठी आली. मूळ पत्रं पाहायची आहेत.

संध्याकाळी समिती जेवायला वर आली आणि वादळामुळे वरच अडकली. आज बारा वाजता बैठक होती.

"दारं लावून घ्या. कुणी बाहेर जाणार नाही," ड्रायस्डेल म्हणाले. "बंदरावरचा वादळाचा इशारा उतरला की इन्स्पेक्टर वर येईल. तोवर पत्रं सापडली तर ठीक, फोक. नाहीतर किल्लीपासूनच सुरुवात कर, असं मी त्याला सांगेन."

२

पिंजरा बाहेरून लावला की आतला उंदीर विचार करायला लागतो. फोकही लागला.

काल तीन वाजता चिठ्ठी आल्याबरोबर त्याने पत्रं मोजली होती. चाळीस. सहाला त्याने कचेरी बंद केली, दाराशी पठाण पहारेकरी बसला. म्हणजे चोरी तीन ते सहाच्या मधली. चिठ्ठीची बातमी तेव्हा चौघांना ठाऊक होती: ड्रायस्डेलसाहेब, फोक स्वतः, उत्तर टाइप करणारा विद्यार्थी कारकून याउ केंग, आणि चिनी वाङ्मयाचे ताम गुरुजी. भाषांतर त्यांचंच होतं आणि आजच्या बैठकीत दुभाषेही तेच.

तिघेही काल कचेरीत येऊन गेले होते. साहेब दोन मिनिटं उभे राहिले. याउ चार वाजेपर्यंत टाइप करत होता, मग उत्तर घेऊन हॉटेलवर गेला. चार वाजता गुरुजी चहाला आले. ते रोजच येत. फोक त्यांचा जुना विद्यार्थी, तेव्हा चहा त्यानेच करायचा आणि त्यानेच द्यायचा. काल गुरुजींनी पहिली किटली परत पाठवली होती. "पाणी नीट उकळलं नाही रे, पोरा." मग दुसरी.

फोक चहाच्या खोलीत गेला. सकाळपासून चहा झाला नव्हता. चूल पेटवायला तो वाकला आणि तसाच थांबला. राख कोळशाची नव्हती. चिमट्याने उकरल्यावर जाड पाकिटांचे जळके तुकडे निघाले. त्यांच्यावर इंग्रजी पत्ता होता: रजिस्ट्रार, ग्रेव्हिल विद्यापीठ.

म्हणजे पत्रं जळाली?

पण तुकडे हातात घेऊन बघता बघता त्याच्या भुवया वर चढल्या. प्रत्येक पाकिटाचा खालचा डावा कोपरा गायब होता. जळून नव्हे, कात्रीने कापून. त्या कोपऱ्यात काय असतं हे फोकला कुणी सांगायला नको होतं, कारण त्या चाळिसांतलं सतरावं पत्र त्याचं स्वतःचं होतं. त्या कोपऱ्यात पाठवणाऱ्याने कुंचल्याने आपलं नाव लिहिलेलं असतं, चिनी अक्षरांत.

जाळायला बसलेला माणूस चाळीस कोपरे कापत का बसेल?

३

याउ केंग व्हरांड्यात भिजलेले बूट पुसत बसला होता. पुसायला घेतलं होतं कँटनचं वर्तमानपत्र. छापील अक्षरांवर चिखल फासला जाताना फोकला पाहवेना.

"अरे, दुसरं फडकं नव्हतं?"

"फोकदादा, तुम्ही पण ना! कागद आहे तो. तुमच्या त्या झाडूवाल्या हो-मावशीसारखं बोलू नका." त्याने बोळा करून समुद्राच्या दिशेने भिरकावला. वाऱ्याने तो परत त्याच्याच तोंडावर आणला.

"बघ, अक्षरंसुद्धा ओळखतात," फोक म्हणाला. "पत्रं कुठायत?"

याउ हसला. दोन वर्षांपूर्वीच्या संपात तो मिरवणुकीच्या पुढे होता, हे सगळ्यांना माहीत होतं. "माझ्यावर शंका? येणारच. आमच्या बापजाद्यांच्या मानेवर पाय देऊन घेतलेला पैसा, तो परत देताना वर थँक्यू म्हणा म्हणतात. मी तो नदीत फेकला असता."

"म्हणून पत्रं जाळलीस?"

"जाळीन कशाला? दादा, तुम्ही हुशार असून असं कसं विचारता! त्या पत्रांत लोकांनी काय लिहिलंय हे मला कळलं असतं ना, तर मी ती छापली असती. पहिल्या पानावर. आणि..." त्याने बोळा उलगडला, "त्याच पेपराने नंतर बूट पुसले असते."

बोलणं उद्धट होतं, पण हिशोब चोख होता. जो मुलगा अक्षरांनी चिखल पुसतो तो कोपरे कापत बसत नाही.

"एक सांगू?" याउ मागून म्हणाला. "पत्रं नाहीशी झाली तर कोण अडकणार, ते ज्याने नेली त्यालाही ठाऊकच असणार. तो तुमचा शत्रू तरी आहे, नाहीतर तुम्ही त्याला आठवलाच नाहीत. दुसरं जास्त वाईट."

४

ड्रायस्डेलसाहेबांच्या खोलीच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या. दिवसाउजेडी दिवा लावून साहेब बसले होते. टेबलावर भाषांतराची निळ्या पुठ्ठ्याची वही होती.

"साहेब, तुम्ही ही वाचलीत?"

"तीनदा. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. आपण इथे काय केलं, हे पहिल्यांदा कळलं."

"आणि मूळ पत्रं?"

"मला ती भाषा येत नाही, फोक. बावीस वर्षं झाली इथे. शिकायचं होतं, पण वेळच मिळाला नाही." म्हातारा खरंच ओशाळला. "या पैशावर मी निवृत्ती पुढे ढकलली. पत्रं नसली तर त्साओ म्हणेल, भाषांतर खोटं आहे. आणि मला सांग, मी काय उत्तर देऊ?"

हा माणूस चोर नव्हता. याला चाळीस पत्रांची नावं वेगळी काढता आली नसती. चोरायचीच तर त्याने पाकिटांसकट चुलीत घातली असती.

"बघू का वही?" फोकने विचारलं. भाषांतराचं काम गुरुजी आणि साहेब यांच्यातलं. कारकुनाने ते वाचावं असं कुणाला सुचलंही नव्हतं. त्याने सतरावं पान काढलं.

'विद्यापीठाने मला सर्व काही दिले. मागण्यासारखे काही उरले नाही. माझ्या मुलांनीही याच छत्राखाली वाढावे, एवढीच इच्छा आहे.'

फोकने पान दोनदा वाचलं. क्रमांक पुन्हा पाहिला. सतरा. त्याने लिहिलं होतं ते त्याला शब्दन् शब्द आठवत होतं: 'पदवी दिली, पण कारकुनाच्या जागेवर. नऊ वर्षांत मला कपाटाची किल्ली मिळाली. बैठकीच्या खोलीत खुर्ची मिळाली नाही.'

"काय झालं?" साहेबांनी विचारलं. "चेहरा उतरला तुझा."

"काही नाही साहेब. छान लिहिलंय."

बाहेर आल्यावर त्याने दार मागे ओढून घेतलं. पत्रं का गेली ते आता कळलं होतं. कुणी नेली तेही कळलं होतं, आणि ते कळायला नको होतं असं त्याला मनापासून वाटलं.

५

त्याने स्वतःशी सगळं पुन्हा मांडून पाहिलं. कुठेतरी चूक निघावी, एवढीच आशा.

किल्ली आपल्या कमरेला असते, असं त्याने साहेबांना सांगितलं होतं. खोटं होतं ते. रोज चार वाजता सुटत असे. गुरूला पेला दोन्ही हातांनी द्यायचा, कमरेत लवून. आणि लवताना किल्लीचा जुडगा पेल्यावर आपटतो म्हणून तो आधी काढून मेजावर ठेवायचा. नऊ वर्षांची ती सवय इतकी अंगवळणी पडली होती की ती आठवणीतही राहिली नव्हती. काल किटली दोनदा गेली. दोन्ही वेळा किल्ली मेजावर आणि गुरुजी एकटे. याउ तेव्हा हॉटेलच्या वाटेवर होता. आणि चहा झाल्यावर गुरुजी म्हणाले होते, "किटली मीच ठेवतो आत." गुरूने विद्यार्थ्याची किटली उचलावी! फोकला तेव्हा भरून आलं होतं. आता त्या भरून येण्याची त्याला लाज वाटली.

मग पत्रं कुठे आहेत? हेही आता कोडं नव्हतं.

जिन्याखालच्या कोनाड्यात हो-मावशी बसली होती. पलीकडच्या कोपऱ्यात देवाला उदबत्ती लावलेली. मावशी विद्यापीठात झाडू मारायची, पण तिचं खरं काम दुसरंच होतं असं ती मानायची. अक्षरं असलेला कागद पायदळी जाऊ द्यायचा नाही, कचऱ्यात टाकायचा नाही, चुलीत तर नाहीच नाही. तो वेगळ्या वेताच्या करंडीत गोळा करायचा आणि चांद्र महिन्याच्या पहिलीला आणि पंधरावीला खालच्या देवळाच्या भट्टीत मानाने जाळून राख समुद्राला द्यायची. मावशीला स्वतःला एक अक्षर वाचता येत नव्हतं.

"मावशी, आज पहिली ना?"

"तर काय! आणि हे मेलं वादळ." ती वाऱ्यावर करवादली. "पहाटेच निघणार होते. करंडी भरून ओसंडतेय. पहारेकरी म्हणतो, म्हातारे, उडून जाशील. मी म्हटलं, गेले तर अक्षरांबरोबर जाईन, तुझ्या बापाचं काय जातं?"

"यात इंग्रजी कागद आला तर?"

"काढून टाकते. त्या मुंग्यांसारख्या अक्षरांना कसला मान? परवा एक पाकीट निघालं होतं, नेऊन दिलं की तुझ्याच टेबलावर."

बरोबर. म्हणूनच पाकिटं करंडीत टाकता येत नव्हती. ती चुलीत गेली, पण त्यांच्यावरची चाळीस नावं चुलीत घालवेनात.

फोकने दोन्ही हातांनी करंडी पुढे ओढली. वर जुनी वर्तमानपत्रं, औषधांच्या चिठ्ठ्या, देवळातली कौलाची पानं. तळाशी, स्वच्छ रुमालात बांधलेली, चाळीस पत्रं होती. शेजारी छोट्या पुडीत चाळीस कोपरे.

वरच्या मजल्यावर कुणीतरी ओरडलं, "इशारा उतरला!"

६

ताम गुरुजी आपल्या खोलीत होते. चार विद्यार्थ्यांचा वर्ग आणि वाळवी लागलेल्या ग्रंथांच्या सहा पेट्या, एवढाच त्यांचा विभाग. फोकच्या हातातला रुमाल पाहून त्यांनी समोरची पोथी मिटली. उभे राहिले आणि खिडकीशी गेले.

"बस, पोरा."

"तुम्ही उभे आहात."

"हो. मीच शिकवलं ना ते." गुरुजी हसले, पण ते हसू टिकलं नाही. "पाणी उकळलेलं होतं काल. चांगलं उकळलेलं होतं."

"माहीत आहे."

"कँटनमध्ये एक जुना ग्रंथसंग्रह विकायला निघालाय. नऊ हजार पोथ्या. या पैशातून घेऊ, असं साहेबांनी कबूल केलं होतं. आणि पत्रं आली ती अशी! चाळिसांतल्या एकतीस जणांनी विद्यापीठाला शिव्याच घातलेल्या. सभ्य शिव्या. माझेच विद्यार्थी, शैली सुंदर." त्यांनी डोळे मिटले. "म्हटलं, एका भाषेत खोटं बोललो तर दुसरी भाषा जगेल. मूळ कोण वाचणार होतं?"

"आणि त्साओसाहेब आले."

"आले. जाळायला चुलीपाशी बसलो मी. हात पुढे जाईना. तुम्हा सगळ्यांचं अक्षर मी वळवलेलं, रे. त्याच्यावर भाताच्या भांड्याची काजळी? म्हटलं, देवळाच्या भट्टीत जाऊ देत, मानाने. आज सकाळी ती गेली असती, आणि मग मी साहेबांना सांगणार होतो की मीच घेतली. वादळाने मावशीलाही कोंडलं आणि मलाही."

"ती जळेपर्यंत सगळ्यांनी मला चोर म्हटलं असतं."

"अर्धा दिवस," गुरुजी हळूच म्हणाले. "मी अर्ध्या दिवसाचा हिशोब केला होता. तो अर्धा दिवस तुझा आहे, हे सकाळी कळलं. तू गुडघ्यांवर बसलेला दिसलास तेव्हा."

फोकला राग यायला हवा होता. आला तो फक्त हुंदका, आणि तोही त्याने गिळला. "माझं सतरावं. ते सगळ्यात गोड केलंत."

"तुझंच सगळ्यात जहाल होतं. तू अजून इथेच नोकरीला. म्हटलं, निदान किल्ली तरी राहू दे पोराकडे."

जिन्यावर बुटांचे आवाज आले. इन्स्पेक्टर. फोकच्या हातात रुमाल होता आणि दोनच वाटा होत्या. पत्रं दिली तर त्साओ वाचणार आणि गुरुजी जाणार. नाही दिली तर तो स्वतः. हो-मावशीची करंडी अजून जिन्याखाली होती, वारा पडला होता, देऊळ दहा मिनिटांवर. एवढ्या मोठ्या इमारतीत त्याला उभं राहायलाही जागा उरली नव्हती.

गुरुजींनी हात पुढे केले. दोन्ही. "आण ती इकडे. आणि चल. बारा वाजले."

७

बैठकीच्या खोलीत लांब टेबल, कोरीव पाठीच्या बारा खुर्च्या. अकरांवर माणसं बसलेली, बारावी दुभाष्याची. फोक दाराशी उभा राहिला, नऊ वर्षं राहत होता तसाच, फक्त आज शेजारी इन्स्पेक्टर होता.

गुरुजींनी रुमाल टेबलावर सोडला. "पत्रं मी घेतली होती," ते इंग्रजीत म्हणाले. "हेडक्लार्कचा यात काही दोष नाही. भाषांतर मी केलं होतं, आणि ते खोटं होतं. समितीची परवानगी असेल तर एक पत्र आता खरं सांगतो."

ड्रायस्डेलसाहेबांनी निळ्या वहीवर हात ठेवला, जणू ती उडून जाणार होती. अध्यक्षांनी मान हलवली.

गुरुजींनी चाळिसांतून एक काढलं. कोणतं, ते फोकला कागदाच्या घडीवरूनच कळलं. त्याला ओरडावंसं वाटलं, नको. पण गुरू वाचत असताना विद्यार्थी बोलत नाही.

"क्रमांक सतरा," गुरुजींनी सुरुवात केली. शब्दामागून शब्द, काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही. पदवी. कारकुनाची जागा. "नऊ वर्षांत मला कपाटाची किल्ली मिळाली; बैठकीच्या खोलीत खुर्ची मिळाली नाही."

अकरा माणसं दाराकडे पाहायला लागली. त्साओसाहेबांनी हात पुढे करून मूळ कागद मागून घेतला, शेवटपर्यंत वाचला आणि खाली ठेवला.

"भाषांतर बिनचूक आहे," ते म्हणाले.

अध्यक्षांनी लेखणीला टोपण लावलं. इन्स्पेक्टरने रजिस्ट्रारकडे पाहिलं. रजिस्ट्रारने मान खाली घातली. इन्स्पेक्टर फोकच्या शेजारून बाजूला झाला. पैशाचं काय होणार, हे त्या खोलीत कुणीच बोललं नाही, आणि नऊ हजार पोथ्यांचं काय होणार हे एकाच माणसाला कळून चुकलं होतं.

तो माणूस आपल्या जागेवरून निघाला. बारावी खुर्ची त्याने दोन्ही हातांनी उचलली. म्हाताऱ्याला ती जड होती. पाय फरशीवर घासले. ती त्याने टेबलाला वळसा घालून दाराशी आणली, फोकसमोर ठेवली, आणि पेला देताना विद्यार्थी लवतो तसा कमरेत किंचित लवला.

"बस, पोरा."

सगळे वाट पाहत होते. फोकचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. पण गुरुजी उभे होते, आणि आता त्यांच्यासाठी त्या खोलीत दुसरी खुर्ची नव्हती. गुरू उभा असताना बसायचं नाही, हे त्याला याच माणसाने शिकवलं होतं.

तो उभाच राहिला. दोघेही उभे राहिले, मधे रिकामी खुर्ची.